गिलाव्याआधीचा हिशेब

हिशेब भिंतीवरच करायचा, हा थोरल्या मिस्त्रींनी घालून दिलेला नियम. कागद फाटतो, हरवतो, कुणाच्या तरी खिशात जातो. भिंत कुठे जात नाही. गिलावा व्हायच्या विटांवर खडूने सगळ्यांदेखत आकडे मांडायचे, हवं तेवढं भांडून घ्यायचं, आणि एकदा सगळ्यांच्या माना डोलल्या की दुसऱ्या दिवशी त्यावर गिलावा. गिलाव्याखाली गेलेलं पुन्हा उकरायचं नाही. या घरातल्या वाटण्या, लग्नांचे खर्च, दोन भावांचे रुसवेफुगवे, सगळं कुठल्या ना कुठल्या भिंतीत बुजवलेलं होतं. थोरले मिस्त्री जाऊन नऊ वर्षं झाली, तरी नियम टिकून होता. "आप्पांच्या काही भिंतींपेक्षा जास्त टिकला," असं त्यांचा धाकटा मुलगा हसत म्हणायचा.

त्या रविवारी सकाळी घराच्या नव्या दुसऱ्या मजल्यावर पाच खुर्च्या नेल्या गेल्या. मजल्याला अजून दारं-खिडक्या नव्हत्या. कोपऱ्यात स्लॅबखालून काढलेले लोखंडी टेकू रचून ठेवलेले होते आणि पश्चिमेची भिंत अजून उघड्या विटांची होती. धाकटा, म्हणजे ठेकेदार, खडू घेऊन त्या भिंतीपाशी उभा राहिला. बोलणं त्याचं, गिऱ्हाईकं त्याची, कचेऱ्यांतले हेलपाटे त्याचे. काम मात्र मोठ्या भावाचं. थोरले गेल्यावर 'मिस्त्री' हे नाव या मोठ्या भावाकडे आलं होतं, आणि गल्लीतल्या पोरांपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. खुद्द बायकोलाही चारचौघांत "मिस्त्री आले का?" असंच विचारायची सवय लागली होती. एवढ्या गोतावळ्यात त्यांना बाबा म्हणणारी एकटी पट्टी.

पट्टी त्यांची मुलगी. लहानपणी हातात सतत फूटपट्टी असायची, तेच नाव चिकटलं. गेल्या आठवड्यात तिचा आर्किटेक्ट म्हणून नोंदणी क्रमांक आला, आणि त्या क्रमांकासाठीच आजची बैठक होती.

"मांडू ना?" ठेकेदाराने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भिंतीवर मधोमध उभी रेघ मारली. "डावीकडे गेलेले, उजवीकडे येणारे. पाच वर्षांची फी, आठ लाख दहा हजार. कॉम्प्युटर, एक लाख दहा. येणंजाणं, सहली, सत्तर हजार. आणि पुठ्ठे नि डिंक, दीड लाख! दीड लाखाची पुठ्ठ्याची घरं बांधली पोरीने. तेवढ्यात मी विटांची एक खोली उभी केली असती."

"त्या खोलीला खिडकी ठेवायला विसरला असतात," पट्टी म्हणाली. तिची काकू खुदकन हसली. ठेकेदारही हसला. मिस्त्रींना बरं वाटलं. त्यांना वाटलं, आज निभावेल.

"एकूण अकरा लाख चाळीस." ठेकेदाराने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "यातले साडेसात धंद्यातून गेले. मी तेव्हाही ब्र काढला नाही, आताही काढत नाही. आता उजवीकडे. पगार?"

"अठरा हजार," पट्टी म्हणाली.

"अठरा?" काकूने डोळे मोठे केले. "आपला फरशीवाला बत्तीस नेतो."

"माहीत आहे, काकू. आणि रेघही तो माझ्यापेक्षा सरळ मारतो."

ती हे हसून म्हणाली, पण मिस्त्रींच्या काळजात कुठेतरी लागलं. सहा महिन्यांत ऑफिसने तिच्याकडून कुठल्याशा वसाहतीतल्या गाड्या उभ्या करायच्या रेघा आणि चौऱ्याहत्तर न्हाणीघरांच्या फरश्या काढून घेतल्या होत्या. एक घर काढू दिलं नव्हतं. फरशीवाल्याला मिस्त्रींनी स्वतः थापी धरायला शिकवलं होतं, एक पैसा न घेता.

"अठरातून प्रवास, कॉम्प्युटरचा हप्ता, वरखर्च वजा जाता उरतात पाच," ठेकेदार म्हणाला. "या वेगाने अकरा चाळीस फिटायला किती? एकोणीस वर्षं." त्याने तोही आकडा लिहिला. "म्हणजे पोरगी बेचाळिशीत कोरी होणार."

"मग काय, पदवी परत करायची?" पट्टीने विचारलं.

"परत कशाला? वापरायची. हे बघ. आपल्याला नकाशावर आणि दाखल्यावर सही लागते. आजवर सहीवाले साहेब करायचे. जागा बघायला कधी आले नाहीत, पण एका कामाचे चाळीस हजार मोजून घ्यायचे. आता ते थकलेत, परवाना सोडला त्यांनी. आपली वर्षाला पाच कामं. म्हणजे दोन लाख. घरची सही असली तर सहा वर्षांत सगळं फिटतं, नंतर सगळा नफा." खडू भिंतीवर टेकवून तो वळला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? नोकरीने एकोणीस, सहीने सहा. मला तर पदवी एकदम स्वस्त वाटायला लागलीय."

त्याने पिशवीतून निळी फाईल काढली आणि पट्टीच्या मांडीवर ठेवली. आत याच घराचा दाखला होता, तीन प्रतींत. दुसरा मजला नकाशाप्रमाणे उभारला आहे, इमारत तळापासून वरपर्यंत भक्कम आहे, खाली सही. मजल्याला गिऱ्हाईक मिळालं होतं. त्याने इसार दिला होता आणि परवा उरलेली रक्कम घेऊन तो येणार होता. दाखला नसेल तर इसार परत. पदवीमुळे धंद्यात पडलेला खड्डा आधी या मजल्याच्या पैशांनी भरायचा, हे तीन वर्षांपूर्वी अशाच एका भिंतीवर ठरलेलं होतं.

पट्टीने तिन्ही कागद सावकाश वाचले.

"माझ्या खोलीतल्या खांबाला तळाशी उभी चीर गेलीय," ती म्हणाली. "हा वरचा स्लॅब टाकल्यापासून."

"गिलाव्याची असेल."

"असेल. फोडून बघू."

"परवा माणूस येतोय आणि तू घर फोडायला निघालीस?" ठेकेदाराचा आवाज पहिल्यांदा चढला. "गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, दगडमाती?"

"कर बाई एकदाची सही." हे पट्टीची आई बोलली. इतका वेळ ती पदराशी चाळा करत बसली होती. "पाच वर्षं मी त्या आकड्याखाली मान घालून जेवलेय. घासाघासाला वाटायचं, कुणीतरी मोजतंय. भावजींनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण म्हणायला लागतं का? तुझ्या सहीने सुटणार असेन तर मला सोडव."

काकू पुढे सरकली आणि तिने जावेच्या खांद्यावर हात ठेवला. चौघांपैकी तिघं एका बाजूला झाले होते. पट्टी वडिलांकडे वळली.

"बाबा, खांब तू उभा केलायस. तू सांग. तू ठीक म्हणालास तर ठीक. मी सही करते."

थोरल्या मिस्त्रींपासून घराची हीच रीत होती. मिस्त्रीचा शब्द म्हणजे ओळंबा. तो सरळ म्हणाला की भिंत सरळ. पाच वर्षं शिकून आलेली पोरगीही शेवटी याच घरची होती.

मिस्त्रींनी भावाकडे पाहिलं. भाऊ खडूकडे बघत होता.

अकरा वर्षांपूर्वी तळमजल्याचे खांब भरायचं काम चालू होतं. काँक्रीट चालू असताना मिस्त्रीने जागा सोडायची नाही, हा थोरल्यांचा दुसरा नियम. पण त्या संध्याकाळी शाळेत पट्टीला चित्रकलेचं पहिलं बक्षीस मिळायचं होतं आणि ती सकाळी दोनदा येऊन सांगून गेली होती. मिस्त्री तासाभरासाठी म्हणून गेले. भाषणं लांबली. इकडे मिक्सर बंद पडला, भरलेलं काँक्रीट दाबून बसवायचं यंत्रही बंद पडलं, आणि धाकट्याने घाबरून आधी सुकत चाललेलं आणि नंतर हाताने कालवलेलं, दोन्ही एकाच खांबात ओतून टाकलं. फळ्या काढल्या तेव्हा तळाशी हातभर जागेत नुसती खडी उघडी दिसत होती, मधे बोटं जातील अशी भोकं. खांब तोडून नव्याने भरायला हवा होता. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले, पैसे संपत आलेले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा," धाकटा म्हणाला होता. भोकं मालाने बुजवली, वर गिलावा केला. एकच तर मजला चढणार आहे, पेलेल, असं दोघांनी एकमेकांना समजावलं.

पुढे त्याच खांबाशेजारी पट्टीचं टेबल आलं. नववीत असताना एकदा तिने फूटपट्टीने खांब वाजवून विचारलं होतं, "बाबा, हा एवढा बद्द का वाजतो?" शेजारी कपाट आहे म्हणून, असं मिस्त्रींनी तिला सांगितलं होतं. ते तिला पटलं. त्यांचं सगळंच तिला पटायचं.

"दादा, सांग ना," ठेकेदार म्हणाला. "पोरगी विचारतेय."

मिस्त्रींना समोर बायको दिसली, मान खाली घालून जेवणारी. भिंतीवरचा अकरा चाळीस दिसला. अकरा वर्षं उभा आहे, अजूनही राहील, असं त्यांच्या मनाने चटकन सांगितलं. भीती वाटली की मन फार चटकन बोलतं.

"ठीक आहे खांब," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

पट्टीने मान डोलावली. तिने पिशवीतून पेन काढलं, कागद गुडघ्यावर सारखा केला आणि पहिल्या प्रतीवर सही केली. घाईने नाही; अक्षर न् अक्षर लावून, जशी ती लहानपणी चित्राखाली नाव घालायची तशी. खाली नोंदणी क्रमांक लिहिला. ती तिची पहिली खरी सही होती. मिस्त्रींना कागद उलटा दिसत होता, तरी मधलं नाव वाचता आलं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

तिने दुसरी प्रत वर घेतली.

"थांब," मिस्त्री म्हणाले.

पेन थांबलं.

"खांब पोकळ आहे. तळाशी. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

आधी हलला तो ठेकेदार. त्याने वाकून पट्टीच्या मांडीवरची सही झालेली प्रत उचलली, घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली.

"एक प्रतही चालते कचेरीत," तो म्हणाला.

"काका, तो कागद द्या."

"दादाचं काय मनावर घेतेस? आजकाल सगळ्याचाच धसका घेतो तो. आधी नक्की म्हणाला, आता पोकळ म्हणतो. उद्या पुन्हा नक्की म्हणेल."

त्यावर मिस्त्री उठले. वाद घालण्यात ते आयुष्यात कधी जिंकले नव्हते. हत्यारांच्या पेटीतून छन्नी-हातोडा घेऊन ते जिना उतरायला लागले आणि मागोमाग सगळे उतरले.

पट्टीच्या खोलीत त्यांनी टेबल स्वतः बाजूला ओढलं. टेबलावरचा पुठ्ठ्याचा छोटा बंगला हलला आणि त्याचं छत घसरलं. मिस्त्रींनी ते जागेवर ठेवलं, मग खांबाच्या तळाशी मांडी घालून बसले. चीर होती. त्यांना ती महिनाभर दिसत होती आणि महिनाभर ते या खोलीत यायचं टाळत होते. तिसऱ्याच घावाला गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा सुटून पडला. मागचा माल भुगा होऊन गळायला लागला. त्यांनी हाताने खरवडलं तशी खडी सुटी होऊन मांडीवर पडत गेली. आत सळया दिसल्या. गंजून त्यांचे पापुद्रे निघत होते. एक सळई मधेच पेन्सिलीएवढी बारीक झाली होती आणि बाहेरच्या बाजूला किंचित वाकली होती.

पट्टी गुडघ्यावर बसली. तिने मोबाईलचा उजेड आत पाडला आणि बराच वेळ बघत राहिली. मग वर छताकडे पाहिलं, तुळई कुठून कुठे जाते ते नजरेने मोजलं.

"अगं बाई," काकूने तोंडावर हात ठेवला. "याच्यावर मी झोपते? पहिल्या मजल्यावरचा माझा पलंग बरोबर याच्या डोक्यावर आहे." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

ठेकेदार पडलेली खडी पायाने गोळा करायला लागला.

"अकरा वर्षं रोज रात्री दिवा मालवून माझ्याशेजारी निजलात, आणि तुम्हाला माहीत होतं? वर आणखी एक मजला चढवलात?"

"कुणासाठी चढवला? हिच्या फीसाठीच ना!"

"माझ्या फीचं ओझं खांबावर टाकायला मी सांगितलं नव्हतं, काका," पट्टी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

काकूने नवऱ्याच्या खिशात हात घातला, कागद काढला आणि पट्टीच्या हातात दिला. इतका वेळ काकूशी एकीने बसलेली तिची जाऊ, पट्टीची आई, आता भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पट्टीने कागदाचे चार तुकडे केले, मग आठ.

"आता सगळ्यांनी बाहेर," ती म्हणाली. "पहिल्या मजल्यावरही आता कुणी राहायचं नाही. सामान नंतर. आधी तुळईखाली टेकू लावायचे, मग बाकी बोलणं."

टेकू दुसऱ्या मजल्यावर होते. मिस्त्री आणायला वर गेले, तेव्हा धाकटा भाऊ त्यांच्याआधीच तिथे पोचलेला होता. तो भिंतीसमोर उभा राहून लिहीत होता. डावीकडच्या रकान्यात, पुठ्ठे नि डिंक याच्या खाली, त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुसरा मजला, बत्तीस लाख.' जुन्या बेरजेवर काट मारली आणि खाली नवी मांडली. त्रेचाळीस चाळीस.

"ही घे तुझ्या पोरीच्या पदवीची किंमत," तो म्हणाला. "तू तोंड उघडलं नसतंस तर अकराच होती."

"मला तोंड उघडायला अकरा वर्षं लागली."

"त्या दिवशी मी एकटा होतो, दादा." ठेकेदाराचा चेहरा अचानक लहान मुलासारखा झाला. "मिक्सर बंद, मजूर पळालेले, सिमेंट हातात सुकत चाललेलं. मी तुला किती फोन लावले. तू बक्षीस बघत बसला होतास. मग आता माझीच चूक कशी?"

"तुझी एकट्याची नाही."

"मग अर्धे तुझे. एकवीस सत्तर. कुठून आणणार?"

मिस्त्रींकडे तळमजल्याचं घर होतं, आणि त्या घराचा खांब त्यांनी नुकताच स्वतःच्या हाताने उघडा केला होता. आता ते कोण घेणार? त्यांनी दोन टेकू खांद्यावर घेतले.

"उद्या गिलाव्याला माणसं सांगितलीत मी," ठेकेदार मागून म्हणाला. "ही भिंत करायची ना?"

"नको. राहू दे तशीच."

"आप्पांचा नियम आहे."

"आप्पांच्या नियमानेच इथवर आलो आपण," मिस्त्री म्हणाले आणि जिना उतरायला लागले. चौथ्या पायरीवर त्यांना मागून टेकू ओढल्याचा आवाज आला. धाकटाही दोन टेकू घेऊन, शिव्या घालत, उतरत होता.

खोलीतून बायका निघून गेल्या होत्या. अंगणात काकू कुणाला तरी फोनवर राहायला जागा विचारत होती. पट्टी एकटीच आत होती. तिने कपाट रिकामं करून सरकवलं होतं आणि फरशीवर खडूने चार फुल्या मारल्या होत्या. शेजारी आकडे होते, बाण होते, तुळईवर किती भार आणि कुठे, याचं गणित होतं. मिस्त्रींना त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण फुल्या बघून एवढं कळलं की त्यांनी स्वतः टेकू लावले असते तर हातभर चुकीच्या जागी लावले असते. पाच वर्षांत ती काय शिकली, हे ते पहिल्यांदाच बघत होते.

त्यांनी पहिला टेकू उभा केला, फळी ठेवली आणि फिरकी आवळली. टेकू तुळईला भिडला. दुसरा लावला. पट्टी शेजारी उभी राहून वर बघत होती, कुठे किती आवळायचं ते हाताने सांगत होती. छन्नीचा चुरा त्यांच्या केसांत होता, तिच्याही. मिस्त्रींना खूप काही बोलायचं होतं. शाळेतलं बक्षीस, कपाटाची थाप, मगाचं 'नक्की', सगळंच. तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, एवढं तरी म्हणायला हवं होतं. त्यांनी तिसरा टेकू उचलला.

"इथे ना, गं?" त्यांनी फुलीपाशी थांबून विचारलं. कामाच्या जागी आयुष्यात त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं. ती आता काहीतरी बोलेल, रागवेल, रडेल, काहीही, असं त्यांना वाटलं.

तिची नजर तुळईवरून हलली नाही.

"थोडा डावीकडे घ्या, मिस्त्री," ती म्हणाली.